रिकामें भांडें

शेजारच्या घरून आलेलें भांडें रिकामें परत करूं नये, असा आपल्याकडे जुना दंडक आहे. कोणी वाटीभर लोणचें पाठविलें तर ती वाटी धुऊन परत देतांना तींत निदान चिमूटभर साखर तरी घालावयाची. आमच्या मातोश्री हा नियम इतक्या कसोशीनें पाळीत कीं, महिनाअखेरीस घरांतले डबे खडखडूं लागले म्हणजे तुळशीचीं दोन पानें घालून त्या भांडें परत पाठवीत. त्या काळीं आम्हांस हें निव्वळ कर्मकांड वाटे. साखर आपली, वाटी दुसऱ्याची. या देवघेवींत कोणाचें काय साधलें, असा हिशेबी प्रश्न आम्ही त्यांना विचारीत असूं, आणि त्याचें उत्तर देण्याच्या भरीस त्या कधीं पडत नसत. पुढें या नियमाचा अर्थ आम्हांस ज्यानें समजावून दिला तो कोणी धर्मशास्त्री नव्हता. तो एक साधा शिपाई होता, आणि त्याला स्वतःला तो अर्थ उमगला होता समुद्रापलीकडे, युद्धांत हरलेल्या जपानांत. त्याची हकीकत येथें सांगावयाची आहे.

आमच्या शहरास आज छत्रपति संभाजीनगर म्हणतात. हें नांव २०२३ सालचें; त्यापूर्वीं तें औरंगाबाद होतें, आणि सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें तें वसविलें तेव्हां खडकी. नांवें बदलत आलीं, पण खाम नदीपलीकडची छावणी मात्र छावणीच राहिली. सकाळच्या शांततेंत, वारा पश्चिमेकडचा असला म्हणजे, तिकडून बिगुलाचा पुसट सूर कधीं कधीं ऐकूं येई. तो आला कीं आमच्या औरंगपुऱ्यांतील घरामागच्या बोळांत ओट्यावर बसलेला एक म्हातारा हातांतील चहाचा कप खालीं ठेवी आणि क्षणभर ताठ बसे. रात्रभर एका कापडगिरणीच्या फाटकावर पहारा करून तो नुकताच परतलेला असे. गल्लींतील झाडून सारे त्याला 'सुभेदार' म्हणत. तो न कंटाळतां दर वेळीं दुरुस्ती करी, "नाईक म्हना. सुभेदारी लय लांब ऱ्हायली." आम्ही त्यांना नाईकबाबा म्हणूं लागलों तेव्हां कोठें त्यांचें समाधान झालें. मिळालेल्या हुद्द्याहून मोठा हुद्दा फुकट मिळत असतां तो नाकारणारा माणूस विरळा. परंतु त्या वयांत आम्हांस ही गोष्ट केवळ विक्षिप्तपणाची वाटली.

नाईकबाबांचा जन्म गोदाकांठचा, गंगापूर तालुक्यांतला. त्या काळीं त्यांच्या गांवापुढची नदी ही दोन राज्यांची शीव होती. अलीकडे निजामाची 'मोगलाई', पलीकडे नगर जिल्ह्याचा इंग्रजी मुलूख. अलीकडे हाली रुपया, पलीकडे कलदार. आणि शंभर कलदारांस सुमारें ११६ हाली मोजावे लागत. अलीकडे कचेरीचा कागद उर्दूंत निघे, पलीकडे मराठींत. उन्हाळ्यांत पात्र आटून गुडघाभर पाणी उरलें म्हणजे एक राज्य सोडून दुसऱ्यांत जाण्यास धोतर वर खोंचण्यापलीकडे कांहीं करावें लागत नसे. १९४३ सालीं, घरच्या जमिनीवर सावकाराचा बोजा चढला असतां, सतरा-अठरा वर्षांचा हा मुलगा असाच धोतर खोंचून पलीकडे गेला, नगरास भरतींत नांव देऊन बेळगांवीं पोंचला. तेथें मराठा पलटणींचें शिक्षणकेंद्र होतें. आजहि तें तेथेंच आहे. "शिवाजी म्हाराजांचं नांव मोठ्यानं घ्यायचा पगार मिळतो, असली नोकरी मोगलाईंत कुठली?" असें सांगून ते हसत.

ते दाखल झाले ती पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण. १७६८ सालीं उभी राहिलेली ही पलटण 'जंगी पलटण' या नांवानें प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धांत ती आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलींत लढली. तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील निमज गांवचे नामदेव जाधव, ज्यांना सेनिओ नदीवरील ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते याच पलटणींतले. मे महिन्यांत युरोपांतील युद्ध संपलें. २ सप्टेंबर १९४५ रोजीं जपानानें शरणागतीच्या कागदावर सही केली. आतां घरीं जावयाचें अशा आशेनें वळकट्या बांधल्या जात असतांनाच नवा हुकूम आला. जपानावर ताबा ठेवण्यासाठीं जनरल मॅकआर्थर यांच्या अमेरिकन सेनेबरोबर ब्रिटिश राष्ट्रकुलाचीहि सेना जावयाची होती, आणि तींत इंग्रज, ऑस्ट्रेलियन व न्यूझीलंडचे शिपाई यांच्या जोडीला एक हिंदी ब्रिगेड होती. पहिल्या पंजाब रेजिमेंटची पांचवी पलटण, पांचव्या गुरखा रायफल्सची दुसरी पलटण आणि ही जंगी पलटण मिळून ती ब्रिगेड झाली. तिचे प्रमुख होते ब्रिगेडियर थिमय्या. पुढें स्वतंत्र भारताच्या भूसेनेचे प्रमुख झाले तेच हे.

१९४६ सालच्या आरंभीचा तो काळ वाचकांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावा. लाल किल्ल्यांतील आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनीं सारा देश ढवळून निघाला होता. फेब्रुवारींत मुंबईस आरमारांतील खलाशांनीं बंड केलें. स्वातंत्र्य अगदीं उंबरठ्यावर येऊन उभें होतें. आणि नेमक्या त्याच वेळीं हे खेड्यापाड्यांतले शिपाई परक्या ध्वजाखालीं, तिसऱ्याच एका देशाचे जेते म्हणून बोटींत चढत होते. ही विसंगति नाईकबाबांना जाणवली होती कीं नाहीं, हें आम्हीं त्यांना पुढें एकदां फार कडवटपणें विचारलें. तें त्याच्या स्थळीं येईल.

बोट कुरे बंदराला लागली. जपानी आरमाराचें हें मोठें ठाणें. तेथील पाण्यांत अर्धवट बुडालेलीं लढाऊ जहाजें अजून तशींच होतीं. "डोहांत म्हशी बसाव्या तशा आगबोटी बसल्या व्हत्या," हें त्यांचें वर्णन. कुरेहून हिरोशिमा फार दूर नाहीं. पुढें एकदां कामानिमित्त त्यांना तिकडून आगगाडीनें जावें लागलें. इटलींत कासिनो गांवाची झालेली दुर्दशा त्यांनीं पाहिली होती. परंतु तेथें निदान पडक्या भिंती होत्या, अर्धे जिने होते, दगडांच्या राशी होत्या. हिरोशिमांत थोड्या पक्क्या इमारतींचे सांगाडे सोडले तर पडण्यासारखेंहि कांहीं उरलें नव्हतें. पीक काढून नेल्यावर रान दिसतें तसें शहर दिसत होतें. गाडी त्या सपाटींतून सावकाश चालली असतां त्यांनीं एक बाई पाहिली. पत्र्याचे चार तुकडे उभे करून तिनें आडोसा केला होता. त्याला दार नव्हतें, पुढें अंगण नव्हतें. तरी ती वाकून आडोशापुढची जागा झाडीत होती. नाईकबाबांना आपली आई आठवली. सडासंमार्जन आटोपल्यावर तीहि अशीच कमरेवर हात ठेवून, झाडलेल्या जागेकडे पाहत उभी राही. "दुस्मन म्हनून जी काय गांठ मनांत व्हती, ती तिथंच सुटली," एवढेंच ते सांगत आणि विषय बदलीत. अणुबॉम्बविषयीं आम्हीं पुढें पुष्कळ ग्रंथ वाचले. पण हिरोशिमा म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें अजूनहि ती केरसुणीच येते.

हिंदी ब्रिगेडचा मुक्काम मुख्यत्वें शिमाने प्रांतांत, जपानी समुद्राच्या बाजूस होता. काम लढाईचें नव्हतें. डोंगरांतील कोठारांतून दारूगोळा बाहेर काढावयाचा, मोजावयाचा, नष्ट करावयाचा. किनाऱ्यावर गस्त घालून चोरट्या होड्या अडवावयाच्या. पूल आणि गुदामें राखावयाचीं. पहारेकऱ्याचा धंदा आपण तेथेंच शिकलों, असें नाईकबाबा म्हणत. शिपायांना सक्त ताकीद होती कीं, तेथील लोकांशीं मिसळूं नये, त्यांच्या घरीं पाऊल टाकूं नये. जेत्यानें जेत्यासारखें अंतर राखून वागावें, असा त्यांतील भाव. परंतु त्या सालीं जपानांत अन्नाचा भयंकर तुटवडा होता, आणि भूक कांहीं हुकूम वाचीत नाहीं. छावणीच्या मुदपाकखान्यामागें तारेच्या कुंपणाशीं रोज कांहीं मुलें येऊन उभीं राहत. तीं मागत नसत, केवळ पाहत.

त्यांतील आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाला नाईकबाबांनीं एके दिवशीं आपल्या सरकारी डब्यांत दोन पोळ्या घालून तारेखालून दिल्या. मुलानें डबा घेतला, कमरेंत वाकून नमस्कार केला आणि तो पळाला. सरकारी डबा हरवणें हा पलटणींत लहान गुन्हा नव्हे. हवालदारापुढें काय सांगावयाचें याची जुळवाजुळव करण्यांत त्यांची ती रात्र गेली. दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं मुलगा हजर. डबा घांसून लख्ख केलेला. झांकण काढून पाहतात तों आंत तीन सुके मासे!

नाईकबाबा माळकरी, नाथषष्ठीला पैठणास जाणाऱ्या घरांतले. मासे खाणें शक्य नव्हतें, आणि टाकणें त्याहून अशक्य होतें. अखेर रत्नागिरीकडचा एक सोबती आनंदानें पुढें झाला. त्यानें ते विस्तवावर भाजून खाल्ले आणि असेंच पुण्यकर्म रोज करीत जा, असा त्यांना आशीर्वादहि दिला. ही गोष्ट सांगतांना नाईकबाबा येथपर्यंत हसत असत. मग थांबून म्हणत, "घरांत दाना नव्हता, मास्तर. पर त्या माऊलीनं भांडं रिकामं न्हाई धाडलं."

हा क्रम पुढें कांहीं आठवडे चालला. एकदां मुळ्याची फोड आली, एकदां नुसतें रानफूल. मुलाची आई त्यांना कधीं दिसली नाहीं, तिचें नांव कळलें नाहीं, तिची भाषा येत नव्हती. तरीहि ती बाई आपल्याच गांवची कोणी असावी, अशी त्यांची खात्री झाली होती. दान घेणें आणि भीक घेणें यांतील सारा फरक त्या डब्यांतून येणाऱ्या मुळ्याच्या फोडींत होता. आणि तो फरक टिकविण्यासाठीं ती उपाशी बाई धडपडत होती. हुकमाचा भंग होत होता हें हवालदारालाहि बहुधा ठाऊक असावें. कारण त्या सुमारास तो न चुकतां दुसरीकडे पाहत असे.

टोकियोंत बादशहाच्या राजवाड्यावर पहारा देण्याचें काम राष्ट्रकुलाच्या तुकड्यांकडे पाळीपाळीनें येई, आणि हिंदी शिपाईहि त्यांत असत. नाईकबाबांनीं तेथें उभें राहून पाहिलें तें असें: रस्त्यानें जाणारीं माणसें फाटकापाशीं थबकत, पहारेकऱ्याकडे ढुंकूनहि न पाहतां आंतल्या झाडांच्या दिशेनें वाकून नमस्कार करीत आणि पुढें जात. ज्याच्या नांवानें लाखों माणसें मेलीं त्याला हरल्यावरहि हा मान! त्यांना आपला निजाम आठवला. "त्यांचा राजा हारला तरी मानसं वाकत्यात. आमचा राजा कुठं लढलाबी नव्हता, तरी आमी वाकतच व्हतो." त्याच वर्षीं एप्रिलांत जपानी स्त्रियांनीं पहिल्यानें मतदान केलें होतें आणि नोव्हेंबरांत नवी राज्यघटना जाहीर होऊन बादशहा सत्ताधीशाचा केवळ राष्ट्राचें प्रतीक झाला होता. इकडे हैदराबाद संस्थानांत जबाबदार राज्यपद्धतीसाठीं लोक अजून झगडतच होते. पुढें निजामहि १९५० पासून १९५६ पर्यंत राजप्रमुख या शोभेच्या पदावर राहिला. इतिहास शिकवितांना आम्ही या दोन राजांची तुलना वर्गांत बरेंच वेळां केली आहे. ती आम्हांस कोणत्याहि पुस्तकांत सांपडलेली नाहीं, बोळांतल्या ओट्यावर सांपडली आहे.

२१ डिसेंबर १९४६ च्या पहाटे दक्षिण जपानांत मोठा भूकंप झाला. सर्वांत अधिक हानि शिकोकू बेटाची झाली, पण धक्का शिमानेपर्यंत पोंचला. नाईकबाबा पहाऱ्यावर होते. टांगलेला कंदील आपोआप डोलूं लागला. मग पायांखालची जमीनच सरकूं लागली. दख्खनच्या काळ्या पाषाणावर वाढलेल्या माणसाला आकाश कोसळेल हें पटेल, पण जमीन हलेल हें पटणार नाहीं. रायफल छातीशीं धरून ते मटकन् खालीं बसले. कुंपणापलीकडच्या वस्तींतून लोक मुलांना कवटाळून बाहेर येत होते. "त्या वक्ताला तारेच्या हिकडं कोन आन् तिकडं कोन, काय बी कळंना," असें ते म्हणत.

१९४७ सालीं हिंदी तुकड्या जपानांतून परत फिरल्या. तोंवर देशाची वांटणी झाली होती आणि देशाबरोबर सैन्याचीहि. पहिली पंजाब रेजिमेंट पाकिस्तानकडे गेली. शिमानेंत ज्यांच्याशीं नाईकबाबांनीं कुस्त्या केल्या, ज्यांच्या हातचा चहा घेतला, ते पंजाबी मुसलमान सोबती एका रात्रींत परदेशचे झाले. आणि स्वतःचें घर? १५ ऑगस्टनंतरहि गोदावरीच्या पलीकडे स्वराज्य आणि अलीकडे रझाकार, अशी स्थिति होती. संस्थानाच्या सरहद्दीवर कँप उभे राहिले. शेकडों तरुण तेथून निजामी सत्तेशीं झुंजले, कांहीं प्राणांस मुकले. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय फौजा संस्थानांत शिरल्या, १५ तारखेस औरंगाबाद त्यांच्या हातीं आलें आणि १७ तारखेस निजाम शरण आला. या साऱ्या काळांत नाईकबाबा पलटणींतच, घरापासून दूर होते. १९४९ सालीं ते बाहेर पडले. पंधरा वर्षांची नोकरी भरली नव्हती, म्हणून निवृत्तिवेतन नाहीं. जमीन सावकाराकडे गेली होती. ते शहरांत आले आणि शिकलेला एकच धंदा त्यांनीं पुढें चालू ठेवला.

आतां आमची गोष्ट. विशीच्या वयांत आम्ही स्वामी रामानंद तीर्थ यांच्या चरित्रानें भारून गेलों होतों, आणि त्या वयाला शोभेल अशा क्रूरपणानें आम्हीं एका संध्याकाळीं त्यांना विचारलें, "नाईकबाबा, देश स्वातंत्र्यासाठीं झगडत होता तेव्हां तुम्ही इंग्रजांच्या पगारावर दुसऱ्यांचा देश दाबून धरायला गेलां होतां. याची कधीं लाज वाटली नाहीं?" ते रागावले नाहींत. बराच वेळ विडी हातांत तशीच धरून बसले. मग म्हणाले, "वाटती कव्हा कव्हा. पर त्या पोराचा डबा बी याद येतो." हें उत्तर नव्हे, असा निकाल त्या वेळीं आम्हीं दिला. आज आम्हांस दुसरें उत्तर सुचत नाहीं.

१९८६ सालीं आम्ही नोकरीस लागून स्थिर झालों होतों. नाईकबाबांची गिरणी बंद पडली होती, आणि त्यांच्या पत्नीला दम्यानें घेरलें होतें. स्वातंत्र्यसैनिकांस सन्मानवेतन देण्याची योजना १९७२ सालीं सुरू झाली होती आणि पुढें सरहद्दीवरील कँपांत राहून लढलेल्यांनाहि तींत स्थान मिळालें होतें. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ साक्षीचा दाखला देण्यास तयार होते. आम्हीं रात्रभर बसून सुवाच्य अक्षरांत अर्ज लिहिला. अर्जदार अमुक सालीं अमुक कँपांत होता, त्यानें अमुक चौकीवरील हल्ल्यांत भाग घेतला, असें सारें त्यांत होतें. आमच्या मनाला टोंचणी लागली नाहीं असें नाहीं. पण आम्हीं तिची समजूत घातली कीं, या माणसाचें देशाकडे कांहीं देणें निघतें, तें या खात्यांतून नाहीं तर त्या खात्यांतून मिळालें म्हणून काय बिघडलें? ही युक्ति किती जणांनीं किती वेळां वापरली असेल, कोण जाणे.

सकाळीं आम्हीं अर्ज त्यांना वाचून दाखविला. त्यांनीं तो पुन्हां एकदां वाचावयास लावला. ते इतक्या लक्षपूर्वक ऐकत होते कीं, त्यांना तो आवडला असें आम्हांस वाटलें. "मास्तर," ते शेवटीं म्हणाले, "ह्यो मानूस लय चांगला हाये. पर ह्यो मी न्हाई."

आम्हीं पुष्कळ सांगून पाहिलें. औषधाच्या खर्चाची आठवण दिली. ते म्हणाले, "कँपांतली पोरं मार खात व्हती तव्हा म्या पलटणीचा शिधा खात व्हतो. आतां त्यांच्या ताटांत हात घालूं काय?" मग त्यांनीं अर्जाची नीट घडी केली, ती आमच्या हातांत दिली, आणि आंत हांक मारून, दम लागलेल्या त्या माउलीकडून आमच्या हातावर गुळाचा एक मोठा खडा ठेवविला. रात्रभर आम्ही जागलों होतों ना!

तो अर्ज आम्हीं पुष्कळ वर्षें जपून ठेवला. अक्षर चांगलें आलें आहे म्हणून नव्हे. लाज कोणाला वाटावयास हवी होती, हें तो पाहतांच आम्हांस कळत असे.

त्यांच्यासारख्या माणसाची नोंद कोणत्या सदरांत करावी, हा प्रश्न मात्र सुटत नाहीं. १९५३ सालीं कोरियांत युद्धकैद्यांच्या राखणीसाठीं भारतीय सेना गेली. कोल्हापूरकडील मेजर जनरल शंकरराव थोरात तिचे प्रमुख होते. ती सेना स्वतंत्र देशाची होती, आपल्या ध्वजाखालीं गेली होती, आणि तिच्या कामाचा आपण अभिमानानें उल्लेख करतों. टोकियोच्या खटल्यांत वेगळा निकाल देणारे न्यायमूर्ति राधाबिनोद पाल जपानांत आणि आपल्याकडेहि स्मरणांत आहेत. योकोहामाच्या युद्धस्मशानांत हिंदी सैनिकांसाठीं राखलेला एक भाग आहे. म्हणजे जे मेले त्यांच्या नांवाचा दगड तरी कोठें आहे. परंतु जे गेले, पहारा करून परत आले आणि आपल्या गल्लींत म्हातारे झाले, त्यांचें काय? ते हुतात्मे नव्हत आणि देशद्रोहीहि नव्हत. दर वर्षीं १७ सप्टेंबरला आमच्या शहरांत मुक्तिसंग्रामाचें स्मरण होतें, आणि तें योग्यच आहे. नाईकबाबाहि त्या दिवशीं स्वच्छ सदरा घालून ध्वजवंदनास जात आणि गर्दीच्या मागें उभे राहत. पुढें या, असें कोणी म्हटलें तर म्हणत, "पुढची जागा त्यांची."

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दख्खनचा तो काळा पाषाण एकदां हललाच. हजारों माणसें झोपेंतच गाडलीं गेलीं. आमच्या शहरांतून भाकऱ्या, कपडे, भांडीं यांचे ढीग जमा होऊं लागले. नाईकबाबा तेव्हां सत्तरीकडे झुकलेले. पण दोन दिवस ते एका मदतकेंद्रावर बसून भाकऱ्यांचीं गांठोडीं बांधीत होते. एक तरुण कार्यकर्ता प्रत्येक गांठोड्यावर देणाऱ्याचें नांव लिहूं लागला तेव्हां त्यांनीं त्याचा हात धरला. "नांव नगं लिहूं, बाळा," ते म्हणाले, "घेनाऱ्याला परत करायची चिंता लागंल." तो तरुण गोंधळून त्यांच्याकडे पाहत राहिला. आम्हांस मात्र तारेखालून आलेला तो लख्ख डबा दिसला.

पुढच्या हिवाळ्यांत ते गेले. त्यांच्या मागें जपानची एकहि वस्तु निघाली नाहीं. तो डबा पलटण सोडतांना त्यांनीं सरकारजमा केला होता, आणि त्याची पावती मात्र ट्रंकेंत व्यवस्थित ठेवली होती.

त्यांच्या ओट्यावरून आम्हीं कित्येक वर्षें भरलेलीं भांडीं घरीं आणलीं. इटलीचा बर्फ, कुरेचीं जहाजें, राजवाड्याचें फाटक, ती केरसुणी, तो डबा. बदल्यांत आम्हीं त्यांना काय दिलें, तर एक कडवट प्रश्न आणि एक खोटा अर्ज. ते असतांना त्यांच्या आठवणी तारीखवार लिहून ठेवण्याइतकीहि बुद्धि आम्हांस झाली नाहीं. आतां भांडें परत न्यावयाचें तर बोळांतल्या त्या खोलीचें दार कित्येक वर्षें बंद आहे. तरी तें रिकामें ठेवूं नये, एवढें त्यांनींच शिकविलें. घरांत देण्यासारखें कांहीं नसलें म्हणजे आमच्या मातोश्री तुळशीचीं दोन पानें घालीत असत. हा लेख वाचकांनीं तेवढाच समजावा.